गच्चीवरचं चालणं

"तीन मिनिटं," शहाजी सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "फार तर साडेतीन. अॅनिमेशन आहे बाळांनो, लग्नाची सीडी नाही."

खारघरच्या त्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटानं एक छोटी फिल्म करायची असते, आणि प्रत्येक गटाला वाटतं की नियम बाकीच्यांसाठी आहेत. संघमित्रानं नऊ मिनिटांची गोष्ट लिहिली. सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे जवळजवळ साडेसहा हजार चित्रं, तीही हातानं काढलेली. काढणारी माणसं तीन. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आईनं तिला लहानपणापासून ऐकवलं होतं, पण कलेला अंथरूण नसतं असं तिचं त्या वर्षी मत होतं.

गोष्ट तशी चांगली होती. खाडीच्या गाळातून एक प्राणी वर येतो, चिखल्या त्याचं नाव. त्याच्या जागेवर भराव घालून टॉवर उभे राहिलेत, म्हणून तो राहायला जागा शोधत शहरभर फिरतो आणि कुठल्याच सोसायटीचा वॉचमन त्याला आत घेत नाही. तेजस मागची दृश्यं रंगवायचा. तो घणसोलीचा, आगरी, खाडी त्याच्या घराच्या मागेच. प्रिया आवाज आणि जोडणी बघायची. चिखल्याला चालवायचं काम संघमित्राचं, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

पाय हलायचे, पण अंगाला वजन नव्हतं. सरांनी दोनदा बघितलं आणि म्हणाले, "हा तरंगतोय. चिखलाचा आहे ना हा? मग फुग्यासारखा कसा जातो? जा, खरा माणूस चालताना शूट कर. एकेक चौकट समोर ठेव आणि बघून काढ. रेफरन्सशिवाय इथं कुणी बोटसुद्धा हलवत नाही."

त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर पप्पा आले. नंतर तिनं स्वतःची कितीही समजूत घातली तरी खरं हेच होतं, की दुसरं कुणी आलंच नाही.

पप्पांचं नाव किसन. ते पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. आठ वर्षांपूर्वी लोडिंगला असताना भरलेला ड्रम डाव्या घोट्यावर आला. हाड जुळलं, घोटा मात्र परत वळला नाही. पाऊल कमरेतून फिरवून पुढे टाकावं लागायचं, त्या झटक्यात डावा खांदा खाली जायचा आणि बोटं जमिनीला घासत यायची. संघमित्राला या चालण्याची लाज कधीच वाटली नव्हती. सातवीत एका मुलीनं वर्गात पप्पांची नक्कल करून दाखवली, तर हिनं तिची वेणी धरून तिला बाकावरून खाली ओढली होती आणि त्यासाठी बाईंचा मार खाल्ला होता. त्या माराचा तिला पुढे कितीतरी वर्षं अभिमान होता.

"पप्पा, मला तुमचं चालणं शूट करायचंय," ती जेवताना म्हणाली. "फिल्मसाठी."

"माजं?" पप्पांचा घास हातातच राहिला.

"हो. गोष्टीत एक पोस्टमन आहे."

गोष्टीत पोस्टमन नव्हता. तो तिनं तिथल्या तिथं, वरण-भात कालवता कालवता जन्माला घातला.

ते तळवलीत नामाशेटच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. रविवारी पप्पांनी नामाशेटकडून गच्चीची किल्ली आणली. आईनं चौदा एप्रिलसाठी शिवलेला पांढरा शर्ट कडक इस्त्री करून दिला. पप्पांनी दाढी केली, वाळत घातलेले कपडे एका बाजूला सरकवले, पाण्याच्या टाकीजवळ उभे राहून विचारलं, "सुरू करू?" आणि चालले.

पण ते सरळ चालले. दोन्ही खांदे एका रेषेत, मान ताठ, डावी टाच जोर लावून जमिनीला टेकवत. टाकीपासून कठड्यापर्यंत आणि कठड्यापासून टाकीपर्यंत. मधेच तोल गेला की थांबून म्हणायचे, "ह्ये नको धरू, परत घे." अशा अठरा फेऱ्या झाल्या. मग टाकीच्या ओट्यावर बसून घोटा चोळत त्यांनी विचारलं, "जमलं का?"

"एकदम मस्त, पप्पा."

तिच्या कामाचं त्यात काहीच नव्हतं. तिला जे हवं होतं, नेमकं तेच त्यांनी अठरा वेळा लपवलं होतं. पुढचे तीन दिवस आई रोज त्यांचा घोटा गरम पाण्यानं शेकत होती आणि संघमित्रा शेजारी बसून मोबाईलवर बघत होती, यातलं काही वापरता येतं का.

मंगळवारी पप्पांची पहिली पाळी होती. दुपारी चारच्या सुमाराला उजेड छान असतो. ती गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीच्या मागे उभी राहिली आणि पप्पा गल्लीत वळले तसा तिनं कॅमेरा चालू केला. दिवसभर उभं राहून दमलेला माणूस, हातात डब्याची पिशवी, कुणी बघत नाही अशा समजुतीत. शरीराला जसं सोयीचं तसं ते चालत होते. खांदा पार खाली जात होता, पाऊल घासत होतं. गल्लीतल्या गटाराशी ते थांबले, पँट गुडघ्यापाशी धरून डावा पाय हातानं उचलून पलीकडे ठेवला आणि पुढे निघाले. एकूण चाळीस सेकंद.

तिला आनंद झाला. हा शब्द तिनं नंतर पुष्कळ टाळून बघितला, पण त्या क्षणी झाला तो आनंदच होता.

दोन फाइलींना तिनं नावं दिली, पप्पा झिरो वन आणि पप्पा झिरो टू. टू समोर ठेवून ती महिनाभर चित्रं काढत बसली, आणि चिखल्याला वजन आलं. तो चालायला लागला तसे वर्गातले सगळे तिच्या कॉम्प्युटरमागे गोळा झाले. सरांनी तिच्या खुर्चीच्या पाठीवर दोनदा थाप मारली. त्या मुलीनं सातवीत एकदाच नक्कल केली होती. ही सेकंदाला बारा वेळा करत होती. पण हे तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. नऊ मिनिटांची सहा झाली, सहाची साडेचार. प्रियाला टायफॉइड झाला. डिस्क भरली आणि सर ओरडले, "कामाचं नाही ते सगळं उडवा." झिरो वन मोठी फाइल होती. संघमित्रानं ती उडवली, आणि जागा झाली म्हणून तिला बरंही वाटलं.

पप्पा अधूनमधून विचारायचे, "पोस्टमनचं कुटवर आलं?"

शेवटी तिनं सांगून टाकलं, "पोस्टमन कापला, पप्पा. वेळ पुरला नाही."

"आसू दे," ते म्हणाले. "कामात व्हतं आसं."

फिल्म दाखवायचा दिवस मे महिन्यात आला. आईला सुट्टी मिळाली नाही. पप्पांनी हाफ डे टाकला आणि तोच पांढरा शर्ट घालून आले. कॉलेजच्या सभागृहात ते लेकीशेजारी बसले, हात मांडीवर ठेवून, शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या मुलासारखे. दिवे मालवले. चिखल्या गाळातून वर आला, हायवेच्या कडेनं चालत गेला, आणि मग ते दृश्य आलं. चिखल्या एका टॉवरच्या चकचकीत लॉबीत शिरतो, पाऊल घासत चालतो, मागे चिखलाचा लांबलचक पट्टा उमटत जातो आणि वॉचमन पोछा घेऊन त्याच्या मागे मागे पळतो. अख्खं सभागृह हसलं.

पप्पाही हसले. मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. तिच्याकडे वाकून म्हणाले, "कसा चालतोय बग येडा."

संघमित्रानं अंधारात मान हलवली. त्यांना कळलं नाही म्हणून तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच लाज वाटली.

फिल्म संपल्यावर बाहेरच्या दालनात चहा होता. तिथं प्रत्येक गटाचं एक टेबल मांडलेलं होतं आणि टेबलावर त्या गटाची प्रोसेस बुक. कॉलेजचा हा जुना नियम. फिल्म कशी झाली त्याची सगळी कच्ची कामं, कापलेली दृश्यं, रेफरन्स, शेरे, सगळं एका जाड स्पायरल वहीत लावून लोकांसमोर ठेवायचं; काही लपवायचं नाही. वही तेजसनं लावली होती आणि फार मन लावून लावली होती.

संघमित्राला दोन-तीन जणांनी घेरलं. कुणी अभिनंदन करत होतं, कुणी फोटो काढत होतं. त्यातून तिनं वळून बघितलं तेव्हा पप्पा टेबलाशी उभे होते. त्यांनी आधी रुमालानं हात पुसले, मग वही उघडली. वहीत काय आहे हे तिला आठवलं आणि ती गर्दीतून वाट काढत निघाली. ती पोचेपर्यंत ते पान उघडलेलं होतं.

पानावर चोवीस छोटे फोटो. प्रत्येकात पप्पा. गल्ली, डब्याची पिशवी, गटार, हातानं उचललेला पाय. प्रत्येक फोटोशेजारी तशाच पवित्र्यात चिखल्या. वर ठळक इंग्रजी अक्षरांत फाइलचं नाव आणि कडेनं तिच्या हातचे इंग्रजी शेरे. बाहेरचे परीक्षक येतात म्हणून शेरे इंग्रजीत लिहायची सक्ती होती.

"ह्यो मी हाय," पप्पा म्हणाले. त्यांनी विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"गल्लीतला. गच्चीवरचा न्हाई."

"नाही, पप्पा."

त्यांचं बोट फोटोवरून शेजारच्या चित्रावर गेलं आणि परत फोटोवर आलं. असं तीन-चार वेळा झालं. आलेला माल चलनाशी ताडून बघताना ते असंच करत असणार.

"कडंला काय लिवलंय?"

"ते टेक्निकल असतं. खांद्याचा तोल चांगला आहे, असं."

"आन् हितं?"

"पाऊल कसं पडतं, ते."

"ह्यो शब्द मला येतो," पप्पा म्हणाले. "ड्रॅग. आमच्या ड्रमावर छापलेला आसतो, डू नॉट ड्रॅग. फरफटत नेऊ नका." त्यांचं बोट त्या शब्दावरून हललं नाही. "वाच तू. काय आसंल ते वाच."

शेजारी उभा असलेला तेजस बाजूला सरकला. चूक काय झाली ते त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं. संघमित्रानं वाचलं. इंग्रजी वाक्य मनात वाचायचं आणि मराठीत मोठ्यानं सांगायचं, असं एकेक.

"डावा खांदा पडतो, फार छान. पाऊल अजून फरफटव. अजून बेढब कर." शेवटच्या वाक्याखाली तिनंच लाल पेननं दोन रेघा मारल्या होत्या. "इथं लोक हसले पाहिजेत."

पप्पांनी मान हलवली. "हसले की," ते म्हणाले. "मी बी हसलो."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी, पप्पा," ती म्हणाली, आणि गर्दीत कुणाच्या पायावर पाय पडल्यावर म्हणतात तसं ते तिचं तिलाच ऐकू आलं.

त्यांनी मागचं पान उलटून बघितलं, पुढचं बघितलं. आयुष्यातली आठ वर्षं स्टोअरात गेलेला माणूस. नंबरांची ओळ कुठं तुटली तर ती त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"ह्यो झिरो टू," ते म्हणाले. "मंग झिरो वन कुटंय?"

तिची नजर पानावरच्या फाइलच्या नावावर गेली.

"टू हाय म्हंजी वन आसणारच."

"उडवला, पप्पा. डिस्क भरली होती."

"गच्चीवरचा?"

"हो."

"बरं," पप्पा म्हणाले. त्यांनी वही मिटली आणि टेबलाच्या कडेला कड लावून नीट ठेवली. ते रागावले असते, ओरडले असते, तर तिला बरं वाटलं असतं. पण ते शर्टाची बाही सारखी करत राहिले.

तेवढ्यात सगळ्यांना परत सभागृहात बोलावलं. पाहुण्या म्हणून सुचिताबाई आल्या होत्या, मोठ्या स्टुडिओत पंचवीस वर्षं काम केलेल्या. त्यांनी तिघांना वर बोलावलं, फिल्मचं कौतुक केलं आणि संघमित्राच्या हातात माईक दिला. "मला एक सांग. चिखल्याची ती चाल कुठून आणलीस? इतकं खरं चालणं मी बऱ्याच दिवसांत बघितलेलं नाही."

पप्पा तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले होते. तिच्या मनात आलं, आत्ता सांगावं. मोकळं व्हावं. पण सांगितलं तर सगळ्या माना तिकडे वळणार, आणि कार्यक्रम संपल्यावर पप्पांना त्या सगळ्या नजरांमधून उठून दारापर्यंत चालत जावं लागणार. न सांगावं तर ती दुसऱ्यांदा केलेली चोरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"खाडीवर गेलो होतो," ती म्हणाली. "गाळातून चालणारी माणसं बघितली."

टाळ्या पडल्या. तेजस खाली बुटांकडे बघत राहिला. ते खाडीवर दोनदाच गेले होते आणि दोन्ही वेळा भरती होती, हे त्याला माहीत होतं. तिनं पप्पांना वाचवलं की स्वतःला, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी नीटसं सांगता आलं नाही.

"आणि ज्युनिअर मुलांना काय सांगशील? या फिल्मनं काय शिकवलं?"

याचं उत्तर तिनं लिहून पाठ केलं होतं. गोष्ट लहान ठेवा, सरांचं ऐका, आठवड्याला बॅकअप घ्या, फाइलींना नीट नावं द्या. ती घोकल्यासारखं म्हणत गेली आणि शेवटी पाठ न केलेलं एक वाक्य तोंडातून निघून गेलं. "आणि कामाची नाही असं वाटलं तरी फाइल उडवू नका."

मुलं हसली, सरही हसले. पप्पा हसले नाहीत. पण टाळ्या त्यांनी सगळ्यांबरोबर वाजवल्या.

ते बाहेर पडले तेव्हा साडेपाच वाजले होते. मे महिन्याचा उजेड अजून लख्ख होता. बसस्टॉप चारशे पावलांवर असेल. पप्पा पुढे निघाले आणि ती मागे राहिली, कारण शेजारून चालायचं तिला तोंड नव्हतं.

थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की पप्पा सरळ चालतायत. दोन्ही खांदे एका रेषेत, मान ताठ, डावी टाच दाबून टेकवत. हे चालणं तिनं एकदाच बघितलं होतं. ती मागे आहे, म्हणून ते असे चालतायत हे तिला कळलं. तिच्यासमोर चालताना आजपर्यंत त्यांना कधी काही लपवावं लागलं नव्हतं. तिनं मारलेल्या त्या दोन लाल रेघांनी घरातली एवढी एक मोकळी जागासुद्धा घालवली होती.

"पप्पा," ती म्हणाली. "असं नका चालू. पाय दुखेल. नेहमीसारखं चला ना."

ते थांबले, वळले. मानेवरून घाम ओघळत होता. "नेहमीचं हाय की तुज्याकडं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते तिला सोसवेना. "फोन काड."

"कशाला?"

"उजेड हाय अजून. रस्ता बी मोकळा हाय. झिरो वन परत घे."

"पप्पा, नको. प्लीज."

"काड म्हनतो ना. टू एकलाच ऱ्हायला तर बघनाऱ्याला वाटंल, येवडंच हाय."

तिनं फोन काढला. दोन्ही हातांनी धरला. पप्पांनी शर्ट नीट खोचला, स्टॉपकडे तोंड केलं, विचारलं, "सुरू करू?" आणि चालले. त्या छोट्या चौकटीत पांढरा शर्ट लहान लहान होत गेला. एक बाई बाबागाडी ढकलत समोरून आली, तिला वाट द्यायला ते बाजूला झाले आणि परत रेषेत आले. एकदाही खांदा पडला नाही. पाऊल टेकताना त्यांचा जबडा आवळला जात असणार, हे तिला पाठीवरूनसुद्धा दिसत होतं. स्टॉपच्या खांबाला हात लागला तेव्हाच ते थांबले.

"आलं का?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"आलं," ती धावत जवळ जाऊन म्हणाली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

"नाव टाक."

तिनं नाव टाकलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून एकेक अक्षर वाचलं, नंबर तपासला आणि मान हलवली.

"ह्यो उडवू नको," ते म्हणाले.

मग ते स्टॉपच्या बाकड्यावर टेकले. डावा पाय त्यांना वर घेता येईना, तेव्हा त्यांनी पँट गुडघ्यापाशी दोन्ही हातांनी धरली. फोन अजून संघमित्राच्या हातात होता, पडद्यावर कॅमेरा परत उघडला होता. तिनं तो बंद केला, आणि ते पाय उचलून घेईपर्यंत ती बस येते का ते बघत पाठमोरी उभी राहिली.